मेघाचे देणे आणि माळव्यातील गावे

कालिदासाच्या यक्षाने मेघाला अलकेकडे धाडताना, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहूनच पुढे जा, असे आग्रहाने सांगितले. तो मेघ कवीच्या कल्पनेतला. परंतु माळव्याच्या पठारावर खरे मेघही दरवर्षी येतात. उज्जैनच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३५ इंच पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने या देण्यावर कसे काढावयाचे, हा तेथील ग्रामजीवनापुढचा मूळ प्रश्न होय. माळव्याचा इतिहास राजवंशांचा म्हणून सांगितला जातो; परंतु या प्रश्नाला लोकांनी वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचाही तो इतिहास आहे.

पहिले उत्तर तलावांचे. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर हे उज्जैनचे सप्तसागर प्रसिद्ध आहेत. अधिक मासात स्त्रिया या सातही ठिकाणी यात्रेला जातात. समुद्रापासून इतक्या दूरच्या लोकांनी तळ्यांना सागर म्हणावे, यात भाबडेपणा नव्हता. ज्या पाण्याला तीर्थ मानले, त्याची राखण करणे हे ओघानेच आले.

दुसरे उत्तर शेताचे. माळव्याची काळी माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. म्हणून पुष्कळ शेतकरी पावसाळ्यात रान मोकळे ठेवीत आणि पाऊस सरल्यावर मुरलेल्या ओलीवरच गहू व हरभरा घेत. दाल-बाफल्यासाठी नावाजलेला कठिया गहू अशाच कोरडवाहू जमिनीत पिके. तिसरे उत्तर विहिरीचे. अफूसारख्या पिकाला पाणी द्यावे लागे. ते मोटेने काढीत. मात्र मोटेला बैलांच्या दमाची मर्यादा होती. बैल थकले की मोट थांबे आणि विहिरीला पुन्हा झरण्यास अवधी मिळे. ही मर्यादा कोणा शहाण्याने आखून दिलेली नव्हती. तरीही जमिनीतील पाण्याचे रक्षण तीच करीत होती.

अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी उज्जैनला आपले ठाणे केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाळाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. शेजारच्या देवासला पवारांच्या दोन शाखा नांदू लागल्या. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. सत्ता आली आणि गेली. ओल, तलाव आणि मोट यांवर चाललेला गावगाडा मात्र फारसा बदलला नाही.

तो बदलला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. वीज आली, पंप आले, कूपनलिका खोदण्यास कर्जे मिळू लागली. मोकळ्या राहणाऱ्या रानात पावसाळी सोयाबीन आले आणि त्यामागून पाणी देऊन गहू घेण्याचा प्रघात पडला. एका पिकाची दोन पिके झाली, घरात पैसा आला. हा लाभ खोटा नव्हता. परंतु माळव्याच्या मातीखाली कठीण काळा पाषाण आहे. पाणी साठते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत. तेथे ते भरते सावकाश आणि उपसले जाते झपाट्याने. बैल थकत होता. पंप थकत नाही. पाणी खाली जाऊ लागले तशा कूपनलिका चारशे-पाचशे फूट खोल गेल्या आणि त्यांच्याबरोबर शेतकऱ्याचे कर्जही वाढत गेले. १९९० च्या उन्हाळ्यात देवास शहराला इंदूरहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. एकेकाळी पावलोपावली पाणी म्हणून ज्या मुलखाची ख्याती होती, त्याची ही स्थिती.

त्याच देवासात २००६ मध्ये उलटा प्रवाह सुरू झाला. जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांपुढे साधा हिशेब मांडला: जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्या, उरलेल्या नऊ हिश्शांना निश्चित पाणी मिळेल. आधी ज्यांच्याजवळ जमीन आणि पत होती त्यांनी धाडस केले; त्यांचे पीक पाहून इतर पुढे आले. टोंककलां आणि आसपासच्या गावांत ही तळी झाली आणि पुढे जिल्ह्यात त्यांची संख्या हजारांवर गेली. तळ्यांना नाव मिळाले ‘रेवासागर’. रेवा म्हणजे नर्मदा. पण या सागरांत पाणी होते ते त्याच रानावर पडलेल्या पावसाचे.

खरी नर्मदा क्षिप्रेस आणण्याचा मार्गही योजिला गेला. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या जोडयोजनेने नर्मदेचे पाणी पंपांनी साडेतीनशे मीटरांच्या आसपास उंच चढवून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थात लक्षावधी भाविकांचे स्नान त्यामुळे सुकर झाले. अशा प्रसंगी त्याची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु पर्वणीचा उपाय हा रोजच्या संसाराचा उपाय नव्हे. इतक्या उंच पाणी उचलण्याचा खर्च प्रत्येक गावाला आणि प्रत्येक वर्षी कसा पेलणार? इकडे उज्जैनच्या सप्तसागरांपैकी काहींच्या काठांवर अतिक्रमणे झाली, काहींत सांडपाणी मिसळले आणि त्यांच्या रक्षणाचा प्रश्न हरित लवादापुढे न्यावा लागला.

मात्र तळे खोदले म्हणजे सारे साधले, असेही नव्हे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर घालून ती कूपनलिकेच्याच पाण्याने भरली जातात. म्हणजे तळे मेघाचे न राहता पाताळाचे होते. शेजाऱ्याची विहीर आटते आणि उघड्यावरचे पाणी उन्हाने उडून जाते. साधन तेच, पण हिशेब उलटा.

म्हणून खरा धडा तळ्याचा नसून मर्यादेचा आहे. पूर्वी ती मर्यादा बैल घालून देत असे. आता यंत्राला ती ठाऊक नाही. ती माणसांनीच, सर्व गावाने मिळून, ठरवावयास हवी. यंदाचा पाऊस किती, त्यातले साठले किती, त्यावर पीक कोणते, हे तीन प्रश्न पेरणीपूर्वी चावडीवर विचारले जातील, तर मेघाचे देणे पुढच्या मेघापर्यंत पुरेल.