गोठे हलले, जंतू राहिले

मुंबईच्या दाट वस्तीतले म्हशींचे गोठे बाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावजवळ आरे दूध वसाहत वसली. दारा खुरोडी यांनी ती उभारली. गोठे हलले, जंतू मात्र म्हशींबरोबरच आले. कॅनच्या सांध्यात थोडे दूध राहिले, की हे जंतू त्यातील साखरेचे आम्ल करतात आणि धातूला चिकटून बुळबुळीत थर विणतात. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. आजीबाईंचा राख-काथ्या आम्हांस येथे आठवतो! जंतू रासायनिक खुणांनी आपली दाटी ओळखतात, हे १९७० साली सागरी जंतूंत आढळले. कासदाहाचा स्टॅफिलोकॉकसही तेच करतो: विरळ असता चिकटून बसतो, दाटी होताच थर सैल करून विष सोडतो. थरात दडलेल्यांपर्यंत औषध नीट पोचत नाही. बरी वाटलेली म्हैस पुन्हा कासेने आजारी पडते, ती पुष्कळदा यामुळेच.