चुलीचा आराखडा कुणी काढायचा?

वैलाची चूल ही रांधणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवत आणलेली रचना आहे. पुढच्या चुलाणावर तवा, मागच्या वैलावर रटरटणारी आमटी. एकाच जाळावर दोन भांडी. जाळ वाढवायचा तर लाकूड आत सारायचं, कमी करायचा तर मागे ओढायचं. तव्यावरून उतरलेली भाकरी तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर शेकायची. या चुलीचा मोठा दोष म्हणजे धूर. तो घालवायला गेल्या पाऊणशे वर्षांत अनेक जण पुढे आले. त्या प्रत्येकाने रांधणारीला कितपत विचारलं, हे शोधत गेलं की सुधारित चुलीचा खरा इतिहास हाती लागतो.

त्याची सुरुवात वर्ध्यात सापडते. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम मगनवाडीत चाले. तिथेच 1947 च्या सुमारास मातीची, धुराडं असलेली ‘मगन चूल’ तयार झाली. पाठोपाठ हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल विकसित केली आणि 1953 मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. कोट्यवधी स्वयंपाकघरं धूरमुक्त व्हावीत, ही त्यांची तळमळ खरी होती. तरीही आराखडा तज्ज्ञांचा आणि वापर बायकांचा, ही विभागणी इथेच पक्की झाली.

1970 च्या दशकात जगाचं लक्ष धुरावरून जंगलाकडे वळलं. तेलाचे भाव भडकले होते. 1975 मध्ये संशोधक एरिक एकहोम यांनी सरपणाच्या टंचाईला ‘दुसरं ऊर्जासंकट’ म्हटलं. आता चूल सुधारायची ती लाकूड वाचवण्यासाठी. प्रयोगशाळेत पाणी उकळून तिची कार्यक्षमता मोजली जाऊ लागली. ज्वारीची भाकरी नीट शेकते का, पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जळतात का, मोठं पातेलं बसतं का, हे त्या चाचणीत येत नव्हतं. ज्यांना शेत नाही, त्यांना मिळेल त्या जळणावर भागवावं लागतं. एकाच मापाचं लाकूड गृहीत धरणारी चूल त्यांच्या घरात पहिल्याच दिवशी अडते.

1980 मध्ये चंडीगडजवळच्या नाडा गावात वास्तुविशारद मधू सरीन यांनी वेगळी वाट धरली. तिथली चूल गावातल्या बायकांसोबत, त्यांच्याच स्वयंपाकघरात उभी राहिली. माती तिथलीच, मापं घरातल्या भांड्यांची. बायकांना शिकवून त्यांना ‘चूल मिस्त्री’ बनवलं गेलं. त्या गवंडीकाम करू लागल्या, दुसऱ्यांच्या चुली घालून देऊ लागल्या. घरोघरी चूल थोडी बदलत गेली आणि बिघडली तर दुरुस्त करणारा हात गावातच होता. स्त्रीवादी रचनापद्धती म्हणतात ती मला इथे स्पष्ट दिसते. बाईचं ज्ञान आराखड्यात उतरलं आणि तिच्या हाताला कारागिराचा मान मिळाला.

त्याच सुमारास दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारा धूर मोजला आणि 1983 मध्ये निष्कर्ष मांडले. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी दाखवलं की सरपणाचे कष्ट आणि धूर बाईच्या वाट्याला येतात, पण चुलीवर पैसे खर्चायचा निर्णय बहुधा पुरुषाच्या हाती असतो. म्हणजे चूल कितीही चांगली असली, तरी घरातल्या सत्तेला हात घातल्याशिवाय ती रुजणार नव्हती.

सरकारी कार्यक्रमाने मात्र आकड्यांची वाट धरली. 1983 च्या अखेरीस सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम 2002 पर्यंत चालला. सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. उद्दिष्ट बसवण्याचं होतं, चालू ठेवण्याचं नव्हतं. धुराडं काजळीने तुंबलं, माती भेगाळली, की घरं जुन्या चुलीकडे परतत. पुढे ओडिशात एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि मायकेल ग्रीनस्टोन यांच्या अभ्यासातही हेच दिसलं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, मग वापर आणि देखभाल घसरली आणि फायदाही विरला.

राष्ट्रीय कार्यक्रम आणि त्याचं अनुदान थांबल्यावर पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली कुंभार आणि बचत गटांना ‘लक्ष्मी’ चुलीसारखे नमुने, साचे आणि प्रशिक्षण दिलं. नाडाच्या मिस्त्रींशी या कामाचं नातं आहे, कारण चूल घडवण्याचं कौशल्य पुन्हा गावाकडे आलं.

1 मे 2016 रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसजोडणी बाईच्या नावावर आली. ही मोठी गोष्ट आहे. पण टाकी पुन्हा भरायला रोख लागते आणि ती हातात नसली की सरपण येतंच. अनेक घरांत आज गॅस आणि चूल शेजारी नांदतात. म्हणून चुलीचं काम संपलेलं नाही. पुढचा नमुना ठरवताना भूमिहीन, दलित, आदिवासी बायकांना पहिल्या बैठकीला बोलवावं, त्यांच्या वेळेची मजुरी द्यावी, चाचणी त्यांच्या जळणावर घ्यावी आणि दुरुस्तीचा पैसा अंदाजपत्रकात धरावा. नाडाच्या बायकांनी हे शक्य असल्याचं चार दशकांपूर्वीच सिद्ध केलं आहे.