कापलेल्या मडगार्डची कुळकथा

मोटारसायकलचं मडगार्ड पहिल्यांदा कापलं गेलं ते गाडी देखणी व्हावी म्हणून नव्हे, वजन उतरावं म्हणून. १९३०च्या दशकातली ही अमेरिकेतली गोष्ट. मंदीने कंबरडं मोडलं होतं. शर्यतीसाठी खास गाड्या बांधणं कंपन्यांनाही झेपेना. तेव्हा तिथल्या मोटारसायकल संघटनेने ‘क्लास सी’ नावाचा नवा वर्ग काढला. दुकानात मिळते तीच गाडी पळवायची, मात्र दिवे, मडगार्ड असलं सामान उतरवलं तर चालेल. मग आठवडाभर कामावर नेणारी गाडी रविवारी मैदानात उतरू लागली. पुढचं मडगार्ड साफ काढलं, मागचं निम्म्यावर छाटलं. महायुद्ध संपल्यावर लष्कराने हार्ले-डेव्हिडसनच्या हजारो गाड्या स्वस्तात काढून टाकल्या आणि घरी परतलेल्या सैनिकांनी त्याही अशाच छाटल्या. आज जिला बॉबर म्हणतात तिचा जन्म हा असा झाला.

इंग्लंडमधली शाखा थोडी वेगळी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली ट्रकवाल्यांसाठी एस कॅफे सुरू झाला. बॉम्बहल्ल्यात तो पडला आणि १९४९मध्ये पुन्हा उभा राहिला. पुढच्याच वर्षी पेट्रोलचं रेशन उठलं. कारखान्यात काम करणारी वीस-बावीस वर्षांची पोरं तिथे जमू लागली. ताशी शंभर मैल गाठायचे, एवढाच ध्यास. नवी जलद गाडी परवडत नव्हती, म्हणून जुनीचं हँडल खाली आणलं, सीट मागे सरकवली, नको ते सगळं उतरवलं. ट्रायम्फचं इंजिन दमदार आणि नॉर्टनची चेसिस रस्ता न सोडणारी. पोरांनी एकीचं काढून दुसरीत बसवलं आणि तिला ट्रायटन म्हणू लागले. कॅफे रेसर ती हीच. ‘ईझी रायडर’ या १९६९च्या अमेरिकी चित्रपटातल्या लांब फोर्कच्या चॉपरसुद्धा मुळात पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले होत्या. त्या घडवणाऱ्या बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज या कृष्णवर्णीय कारागिरांची नावं पुढे कित्येक वर्षं कुणाला ठाऊकही नव्हती, याची चुटपुट लागते.

आपल्याकडेही युद्धातून उरलेल्या गाड्यांचं असंच काहीतरी झालं. दिल्लीत जुन्या हार्ले गाड्यांना मागे दोन चाकं आणि बाकं जोडून प्रवासी वाहणाऱ्या फटफट्या बांधल्या गेल्या आणि नव्वदीच्या अखेरीपर्यंत त्या धावल्या. त्यांचं कौतुक फार कमी झालं. माझ्या मते देशातलं पहिलं मोठं ‘कस्टम’ काम ते.

या सगळ्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी दिसतात. स्वस्तात हाती आलेली जुनी गाडी, आणि लोखंडाला हात लावायला न घाबरणारा माणूस. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत या दोन्ही कशा जमल्या, ते आता बघू.

आधी गाडी. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथेच जुळू लागली. मुंबईत जावा आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१पासून तिथून जावा बाहेर पडू लागली. पुढे १९७३मध्ये तिचीच येझदी झाली. फरिदाबादहून एस्कॉर्ट्सची राजदूत आली, ती पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. परदेशी गाडी आणायची सोय नव्हती आणि देशी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अशा काळात घरात आलेली मोटारसायकल वीस-पंचवीस वर्षं वापरणं हा रिवाजच होता. वडिलांनी लग्नाआधी घेतलेली गाडी मुलाने कॉलेजला न्यावी, हे इतकं सर्रास होतं की त्यात कुणाला विशेष वाटत नसे. जुनी गाडी घरोघर होती ती शौकापायी नव्हे, दुसरी मिळत नव्हती म्हणून.

आता माणूस. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. पुढे डोंबिवलीला एमआयडीसी आली. त्याआधीच अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने होते, त्यांत यंत्रं घडवणारी यंत्रं बनवण्याचा कारखानाही होता. शहाड-मोहने भागात रेयॉनच्या गिरण्या होत्या. मुंबईच्या वेशीवर भांडुपला एपीआयचा कारखाना, तिथे लँब्रेटा बनत. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना, तिथे नव्वदीत प्यूजो ३०९ तयार झाली. आता तिथे प्रीमियर ग्राउंड एवढंच नाव उरलं आहे. या पट्ट्यात सकाळच्या लोकलमध्ये टर्नर, फिटर, वेल्डर, टूलरूममधले कामगार शेजारी शेजारी उभे असत. शतांश मिलिमीटरची भाषा त्यांना दूध-भाजीच्या हिशेबाइतकी सरावाची होती. कारखाने एकेक करून बंद पडत गेले, तशी त्यातल्या अनेकांनी एक लेथ, एक ड्रिल मशीन घेऊन छोटे गाळे थाटले.

हे सारं जुळून आलं ते १९९६च्या सुमारास. त्या एकाच साली येझदीचा कारखाना बंद झाला आणि यामाहाची आरएक्स १००ही बनायची थांबली. गाड्या रस्त्यावर हजारोंनी, आणि सुटे भाग मिळेनासे. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकानं होती, पण तिथे नशिबावर हवाला. मग गाळ्यातल्या टर्नरकडे जुना बुश घेऊन जायचं आणि ‘काका, असाच एक काढून द्या’ म्हणायचं. काका नुसता तसाच काढून देत नसत. झिजला का, हे बघत आणि पितळेऐवजी गनमेटलचा करून देत. मूळ कंपनीने दिलं त्याहून वेगळं, अधिक टिकाऊ काहीतरी गाडीत बसवणं इथूनच सुरू झालं. आपल्या भागातलं मॉडिफिकेशन दुरुस्तीच्या पोटी जन्मलं, असं मी म्हणतो ते याच कारणाने.

आरएक्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्याएवढी माया या पट्ट्यातल्या पोरांनी दुसऱ्या कुठल्या गाडीवर केली नाही. १९८५मध्ये आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक. ताकद ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. तिच्या सायलेन्सरमागचं शास्त्र पूर्व जर्मनीतलं. एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५०च्या दशकात दाखवून दिलं की टू-स्ट्रोकचा पाइप योग्य आकारात फुगवून पुन्हा निमुळता केला, तर धुराची लाट उलटी फिरते आणि वाया जाणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. १९६१मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन जपानला सुझुकीत गेला. दुसऱ्या वर्षी ५० सीसीचं जगज्जेतेपद त्याच्याकडे होतं. तिथून ही विद्या साऱ्या जपानी टू-स्ट्रोकमध्ये पसरली. डोंबिवलीतला मेकॅनिक कानसने पोर्ट घासतो, हेडचा चेहरा लेथवर किंचित उतरवतो, तेव्हा तो काडेनच्याच घराण्यातलं काम करत असतो. त्याला ते नाव माहीत असो वा नसो.

या गाडीचा ब्लॉक बोअर करताना एकदा तरी बघावं. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. घासलेला ब्लॉक टेबलावर ठेवून कारागीर आधी आत बोट फिरवतो. वरच्या बाजूला, पिस्टनची रिंग जिथून परतते तिथे, नखाला अडणारी कड लागते. मग बोअर गेज घालून तीन उंचींवर, दोन दिशांनी माप घेतो. भोक गोल राहिलेलं नसतं. पिस्टन ज्या बाजूला दाबतो तिकडे ते अंडाकृती झालेलं असतं. पुढचा पिस्टन पाव मिलिमीटरने मोठा. तोच आधी हातात घेऊन मोजायचा आणि त्याच्या मापाने ब्लॉक काढायचा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. शेवटी होनिंगच्या दगडाने आत तिरप्या रेघांची जाळी उमटवायची, म्हणजे तेल धरून राहतं. अशा चार पायऱ्या चढल्या की पिस्टन ५१ मिलिमीटरवर पोचतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘ब्लॉक संपला, आता स्लीव्ह टाका.’

घरी करण्यासारखं काम मात्र याच्या अलीकडचं आणि पलीकडचं. डोंबिवलीच्या वन बीएचकेत गॅरेज कुठलं? गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकवून उघडायची. इंजिन उतरवून दोघांनी जिन्यावरून वर आणायचं, गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवायचं आणि प्रत्येक जागचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून. घरच्यांचा पहिला आक्षेप रॉकेलच्या वासाला असतो आणि तो रास्त आहे. टाकी आतून गंजलेली असते. तीत मूठभर नट आणि व्हिनेगर घालून रोज हलवत राहिलं की गंज सुटतो. मग सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करायची, नाहीतर उद्या पुन्हा तांबूस थर. चाकाचा आऊट काढणं, वायरिंग नव्याने ओढणं, कार्बोरेटरचे जेट साफ करणं, हे सगळं शिकता येतं. सीट शिवून घ्यायची, रंग बूथमध्ये मारून घ्यायचा. आणि क्रँक बांधायला, बोअर करायला गाळ्यात जायचं. कुठलं काम आपलं आणि कुठलं उस्तादाचं, हे ज्याला कळलं त्याची गाडी पुरी होते. पावसाळ्यात अर्धवट उघडून ठेवलेल्या गाड्या बहुतेक भंगारात जातात.

पुढे या शौकाचा व्यवसाय झाला. विमानात केबिन क्रूची नोकरी केलेले अक्षय वर्दे यांनी मुंबईत बुलेटवर काम करायला सुरुवात केली आणि आपल्या आडनावावरूनच कंपनीला नाव दिलं ‘वर्देंची’. मराठी माणसाने चॉपर बांधून विकावी आणि लोकांनी रांग लावावी, हे त्यांनी घडवलं. मग कंपन्यांनाही जाग आली. रॉयल एन्फिल्डने २०१३मध्ये तयार कॅफे रेसर, कॉन्टिनेंटल जीटी, शोरूममध्ये उभी केली. २०१८मध्ये नव्याने आलेल्या जावाने पेराक नावाची बॉबर दाखवली. गॅलरीत कापलेलं मडगार्ड आता कारखान्यातूनच कापून येतं. त्यात मला आनंद वाटतो; पण ती गाडी विकत घेतलेली असते, घडवलेली नसते.

कायद्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण अनेकांची फसगत इथे होते. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ म्हणतं की आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. रंग बदलला तर आरसीवर नोंद. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला ठाण्याच्या एमएच ०४ किंवा कल्याणच्या एमएच ०५ कार्यालयात गाडी दाखवावी लागते आणि तिथे चेसिस नंबरचा ठसा घेतात. तो नंबर रंगाखाली किंवा ग्राइंडरखाली गेला असेल तर पुढे काही चालत नाही. गाडी पन्नास वर्षांची असेल आणि मूळ रूपात राखली असेल, तर २०२१च्या केंद्रीय नियमांनी तिला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. म्हणजे १९६१-६२ची जावा कापून बॉबर केली, तर हा मान गेला.

सायलेन्सरच्या बाबतीत माझं मत कडक आहे. कर्णकर्कश पाइप लावून रात्री घोडबंदर रोडवर फिरवणाऱ्यांनी या हौसेचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याही कायद्याने केलं नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडले, ते योग्यच झालं. काडेनचं शास्त्र आवाजाचं नव्हतं.

तेव्हा घरात बाबांची किंवा काकांची जुनी गाडी धूळ खात असेल, तर जरूर उघडा. पण चेसिसला ग्राइंडर लावू नका. मागची सीट, मडगार्ड, हँडल, हेडलाइटचं डोम, जे बोल्टने सुटतं तेवढंच बदला. काढलेला प्रत्येक मूळ भाग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा, म्हणजे तुमच्या नंतर ज्याच्या हाती ती जाईल त्याला ती पुन्हा पहिल्यासारखी करता येईल. आणि वागळेत किंवा डोंबिवली एमआयडीसीत तो लेथवाला गाळा अजून उघडा असेल, तर काम तिथेच द्या. ते शिकून घेणारी पोरं आता फार थोडी आहेत.