अर्पणपत्रिकेतील अमेरिका
जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो दास्याविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतील सत्प्रवृत्त लोकांना. मराठी ग्रंथाची ही अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे. आपल्या देशबांधवांनी हाच कित्ता गिरवून शूद्रांना मुक्त करावे, ही त्यामागील अपेक्षा. तेथे आदर्श ठरतो तो मुक्तिदाता. मुक्त झालेला नव्हे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये प्रत्यक्ष अमेरिकेत गेल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात त्यांनी भरभरून कौतुक केले. पण वर्णद्वेष सरलेला नाही, हेही नोंदविले. आपल्या समीक्षेने या ग्रंथाकडे निव्वळ प्रवासवर्णन म्हणून पाहावे, हे मला अन्यायाचे वाटते. पुढे १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘दलित पँथर’ने नाव घेतले ते ‘ब्लॅक पँथर’चे, म्हणजे लढणाऱ्या काळ्या माणसाचे.