एका वादकाची परतफेड

दारूच्या पेल्यावांचून गाणें रंगत नाहीं, असें मानणारे रसिक आमच्या पाहण्यांत थोडे नाहींत. हा समज किती घातक आहे, तें एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाच्या चरित्रावरून कळतें.

क्लॅप्टनचा जन्म १९४५ सालीं इंग्लंडांतील रिप्ले गांवीं झाला. आजीआजोबांनाच तो आईबाप समजे. बहीण म्हणविणारी स्त्री ही आपली जन्मदात्री होय, हें त्यास नवव्या वर्षीं कळलें. विशीच्या सुमारास त्याच्या वादनाची मोहिनी अशी पडली कीं, लंडनच्या भिंतींवर लोक त्याला देव म्हणून लिहूं लागले. १९७० सालीं लैलामजनूच्या आख्यानावरून स्फुरलेलें ‘लैला’ हें गीत त्यानें रचिलें. पण त्याच सुमारास हेरॉइननें त्यास ग्रासलें. १९७१ सालीं बांगलादेशाच्या निर्वासितांसाठीं रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनीं न्यूयॉर्क येथें योजिलेल्या जलशांत तो उभा राहिला, तोहि व्यसनानें जर्जर होऊन. १९७४ सालीं उपचारांनीं तें विष सुटलें, आणि त्याची जागा मद्यानें घेतली. १९७६ सालीं बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून, मद्याच्या धुंदींत, परदेशांतून आलेल्या लोकांविरुद्ध त्यानें जे उद्गार काढले, ते त्याच्या चरित्रावरील डागच होत. या काळांतहि टाळ्या पडतच होत्या. टाळ्या देणाऱ्यास वादकाचें घर दिसत नाहीं.

१९८२ सालीं तो अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांतल्या हेझल्डन उपचारगृहांत गेला, सुधारला, आणि पुन्हां घसरला. १९८७ सालीं त्यानें तेंच दार पुन्हां ठोठावलें. हें दुसरें ठोठावणें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. कारण पहिल्या खेपेस माणूस आशेनें जातो, दुसऱ्या खेपेस त्याला लाज गिळून जावें लागतें. १९९१ सालीं त्याचा चार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतींतून पडून मरण पावला. त्या आघातांतहि तो मद्याकडे वळला नाहीं.

१९९८ सालीं त्यानें कॅरिबियन समुद्रांतील अँटिग्वा बेटावर ‘क्रॉसरोड्स’ हें व्यसनमुक्तिगृह उघडलें. ज्यांना खर्च झेपत नाहीं, अशा तेथील लोकांसाठींहि त्यांत सोय ठेविली. त्याच्या साहाय्यार्थ १९९९ सालीं आपल्या १०० गिटारांचा लिलाव केला. सुमारे ५० लाख डॉलर जमले. ‘लैला’ जिच्यावर वाजविली, ती गिटारहि त्यांत गेली. तिचे एकटीचे ४,९७,५०० डॉलर आले. ज्या वाद्यांनीं लोकांनीं त्याला देव केलें, तीं विकून त्यानें पडलेल्या माणसांना निवारा दिला.

आपल्या घरांतील व्यसनी माणूस एकदां सुधारून पुन्हां घसरला, म्हणून त्यास कायमचें उंबऱ्याबाहेर ठेवण्यापूर्वीं वाचकांनीं दुसऱ्या खेपेस उघडलेलें तें दार आठवावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.