उलट बाजू नसलेले कापड

उंची वस्त्रांचा रॅम्पवर सादर झालेला संग्रह हा साहित्याच्या अभ्यासकाने वाचावयाचा विषय आहे, असे म्हटले की वर्गात प्रथम हसू उमटते. वस्त्रप्रावरणे ही श्रीमंतांची हौस. तिच्याशी समीक्षेचा संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. परंतु असा संग्रह ही मुद्दाम रचलेली कृती असते. तिला आरंभ असतो, शेवट असतो, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिमा असतात, आणि कोठून तरी घेतलेले असे बरेच काही असते. या शेवटच्या गोष्टीपाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. 'प्रेरणा' हा शब्द साहित्यात जितका सैलपणे वापरला जातो, तितकाच तो त्या व्यवहारातही वापरला जातो.

अलीकडची दोन उदाहरणे घेऊ. ३० मार्च २०२३ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर डिओर या फ्रेंच घराण्याने आपला संग्रह सादर केला. रचनाकार होत्या मारिया ग्राझिया किउरी. भरतकामासाठी त्यांनी मुंबईच्या चाणक्य या संस्थेशी अनेक वर्षे संबंध ठेवलेला होता, आणि तिचे नाव त्यांनी उघडपणे घेतले. साडीच्या निऱ्यांची आणि बंद गळ्याच्या जाकिटाची आठवण करून देणारे पोशाख त्यात होते. मार्क बोहाँ या पूर्वीच्या रचनाकाराने १९६२ मध्ये डिओरचे कपडे भारतात आणून दाखविले होते, त्याचेही स्मरण होते. पण या कृतीतील मध्यवर्ती प्रतिमा आमच्या मते पोशाखांत नव्हतीच. कमानीपाशी एक प्रचंड भरजरी तोरण उभारले होते. तोरण ही उंबरठ्यावरची, घरातल्या बायकांच्या हातची वस्तू. तिचा आकार शेकडो पटींनी वाढवून ती पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ मधील आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेल्या कमानीवर लावली, की घर आणि साम्राज्य यांचा एक अनपेक्षित सांधा जुळतो. वस्तू तीच ठेवून तिची जागा आणि तिचे माप बदलणे, ही नवनिर्मितीची जुनी आणि खरी रीत आहे. कवीही शब्दाच्या बाबतीत दुसरे काय करतो?

दुसरे उदाहरण जून २०२५ मधले. मिलान येथे प्राडाच्या पुरुषांसाठीच्या संग्रहात कोल्हापुरी चपलेशी थेट नाते सांगणारी पादत्राणे दिसली. सादर करताना त्यांची ओळख केवळ चामड्याच्या सँडल अशी होती. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतील आठ जिल्हे त्यात येतात. आपल्याकडे संताप उसळला, तेव्हा कंपनीने पत्राद्वारे भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही झाला.

दोन्ही ठिकाणी घेणे आहे. मग फरक कोठे आहे? मराठी नाटकाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' हे 'हॅम्लेट'चे, तर देवलांचे 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'चे मराठी रूप. या कृतींना कोणी चोरी म्हणत नाही. मूळ कोणते हे ठाऊक असते, म्हणूनच काय बदलले हे मोजता येते आणि बदल करणाऱ्याच्या प्रतिभेला दाद देता येते. मूळ लपविले की मूळ लेखकावर अन्याय होतोच. शिवाय वाचकाच्या हातची मोजपट्टीही जाते. म्हणून ऋणनिर्देश ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. ती समीक्षेची पूर्वअट आहे.

येथे आम्हांस आमच्या खानदेशाकडे वळावेसे वाटते. धुळे-जळगावकडे आज उंची वस्त्रांचा प्रदेश म्हणून कोणी पाहत नाही. कापूस पिकविणारा मुलूख एवढीच ओळख उरली आहे. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त धरणगावच्या सिरीसाफ आणि भिरौन या तलम कापडांची नोंद केली. सतराव्या शतकात त्याच धरणगावी इंग्रजांची वखार होती. खानदेश सुभ्याची राजधानी असलेल्या बऱ्हाणपुरातून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए तेथील तलम, पांढऱ्या, पारदर्शक कापडाचे वर्णन करतो. ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरो येथवर जात असे. काही कापडांना सोन्याचांदीचे पट्टे असत, आणि टोकांना जरीरेशमाची फुले अशा रीतीने विणलेली असत की त्यांना उलट बाजूच नसे. दोन्ही अंगे सारखीच सुंदर.

त्या काळचा रॅम्प म्हणजे हाच व्यापारमार्ग होता. आता या नोंदी पुन्हा वाचाव्यात. कापडाचे नाव आहे, गावाचे आहे, गिऱ्हाइकांच्या देशांची यादी आहे. विणणाऱ्याचे नाव नाही. ज्या हातांनी उलट बाजू नाहीशी केली, ते हातच इतिहासाच्या उलट बाजूला राहिले. डिओरच्या वेळीही घराण्याचे, रचनाकाराचे आणि संस्थेचे नाव सर्वत्र झाले. सुई धरणाऱ्यांची नावे क्वचितच कानी आली. मूळ सांगणे आणि माणूस सांगणे यांत अजून एक पायरी शिल्लक आहे.

ती पायरी ओलांडता येते, याचे उदाहरण याच मातीत आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. घरातल्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी पुस्तकरूपाने आली. ती टिपली गेली नसती, तर त्यांतील काही ओळी कदाचित 'लोकगीत' म्हणून फिरल्या असत्या आणि त्यांपासून 'प्रेरणा' घेणाऱ्या कोणालाही कोणाचे नाव सांगावे लागले नसते. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गाणारीचे नाव आणि गाव नोंदविण्याचा कटाक्ष ठेवला, तोही याच जाणिवेने.

धुळ्याला या बाबतीत एक वडिलार्जित शिस्त लाभली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो माळ्यांवरचे, पेटाऱ्यांतले कागद तपासून. १९२६ च्या अखेरीस त्यांचा देह धुळ्यात पडला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथेच उभे राहिले. कागद कोणाचा, कोठला, केव्हाचा, आणि आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे प्रश्न विचारल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये, असा हा वारसा सांगतो.

वस्त्रांच्या संग्रहातून नवे काही सुचावे अशी इच्छा असणाऱ्या विद्यार्थ्याने हेच चार प्रश्न निरीवर, टाक्यावर आणि चपलेच्या पट्ट्यावर विचारावेत. त्यांची उत्तरे शोधताना जे हाती लागेल ते नुसत्या चित्राकडे पाहून सुचलेल्या कल्पनेहून अधिक टिकाऊ असेल, असा आमचा विश्वास आहे. आणि त्यातून स्वतःची कृती घडलीच, तर तिच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव लिहावयाचे, हेही त्याला तोवर कळलेले असेल.