दुतोंड्याच्या कमरेला पाणी

श्रावणात संततधार लागली की नाशकात एकच प्रश्न कानावर येतो: "दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही शहराची पूर मोजायची पट्टी. पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा या तिच्या खुणा. पाणी कमरेला लागलं की काठावरचे टपरीवाले माल उचलू लागतात आणि नदीपात्रात लावलेल्या गाड्या वर येतात.

या पट्टीचं कूळ मोठं आहे. जवळच्या नारोशंकर मंदिराची (१७४७) घंटा पोर्तुगीज, १७२१ सालची. वसईच्या विजयात मराठ्यांच्या हाती लागलेली. त्या घंटेला पाणी लागलं की महापूर, असं जुनी माणसं सांगतात. तिसरी खूण सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. १९६९, २००८ आणि २०१९ चे पूर आजही याच खुणांवरून सांगितले जातात.

पण ही पट्टी नाशिक शहराचा पाऊस दाखवत नाही. मुलांना हेच आधी सांगायला हवं. अरबी समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस झोडपून काढतो. डोंगर ओलांडून हवा खाली उतरताना तापते, ढग विरतात. म्हणून शहरात नुसती भुरभुर असताना मारुती छातीभर पाण्यात असू शकतो. त्र्यंबकच्या डोंगरांतलं पूर्वेकडे वाहिलेलं पाणी गोदावरीतून १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेकडे गेलेलं वैतरणेतून पुन्हा अरबी समुद्रात, म्हणजे निघालं तिथेच.

१९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झालं आणि मधे दरवाजे आले. आता मारुतीची पातळी पावसाइतकीच विसर्गावर, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरते. हा विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात; एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. त्यात धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी वेगळं. विसर्गाच्या सूचना क्युसेकमध्ये निघतात. घरात मात्र आजही मारुतीचीच भाषा चालते, आणि ती आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळते.

नाशिकच्या शिक्षकांना एक विनंती. येत्या पावसाळ्यात वर्गात एक वही ठेवा. रोज त्र्यंबकचा पाऊस, गंगापूरचा विसर्ग आणि मारुतीची पातळी मुलांकडून शेजारी शेजारी लिहून घ्या. पातळी बातम्यांतून घ्या किंवा लांबूनच पाहा. पुरात घाटावर कुणी उतरू नये.